चिमणीवरच्या पत्र्याचा हिशेब: चेस कव्हर बदलायला किती पैसे मोजावेत?

अमेरिकेत घर बघायला गेलं की आपली मराठी मंडळी शाळा बघतात, तळघरात ओल आहे का बघतात, फोडणीचा धूर घराबाहेर जातो की तिथेच घुटमळतो हे तर हमखास बघतात. छपरावर आलेल्या त्या उभ्या खोक्याच्या डोक्यावर काय बसवलंय, हे कुणी बघत नाही. मीही बघितलं नव्हतं. न्यू जर्सीतलं आमचं घर १९९६ सालचं, बैठकीत फायरप्लेस, आणि ती वर्षातून फार तर चारदा पेटते. एका ऑक्टोबरात नॉरईस्टर वादळाच्या पावसाने दोन दिवस झोडपून काढलं तेव्हा भारतातून आलेली आई म्हणाली, "अरे, भिंतीत पागोळ्या पडतायत." पागोळ्या वळचणीला पडतात, भिंतीत कशा पडतील, म्हणून मी हसलो. नंतर फायरप्लेसच्या काचेला कान लावला. टप. टप.

छपरावरच्या त्या खोक्याच्या माथ्यावरचं पत्र्याचं झाकण, म्हणजे चेस कव्हर, गंजून मधोमध खचलं होतं. त्या आठवड्यात तीन जणांकडून भाव आले: ३८५ डॉलर, ९४० डॉलर आणि २,६५० डॉलर. चिमणी तीच, पत्रा तेवढाच. तिघांपैकी लबाड कोण हे मी शोधत बसलो होतो. खरं तर तिघे तीन वेगळी कामं सांगत होते आणि मला ती ओळखता येत नव्हती. ती कशी ओळखायची, ते क्रमाने सांगतो. किमती मी पाहिलेल्या आणि ढोबळ आहेत. राज्यागणिक त्या हलतात, पण रकमेचे भाग कसे पाडायचे ते कुठेही बदलत नाही.

पहिली पायरी: नक्की काय बदलायचंय?

फोनवर "चिमणीचं झाकण बदलायचंय" एवढंच म्हणालात तर समोरचा तीनपैकी कशाचाही भाव देईल.

विटांची खरीखुरी बांधीव चिमणी असेल तर तिच्या माथ्यावर सिमेंटचा थर असतो. त्याला क्राउन म्हणतात आणि त्याची दुरुस्ती हे गवंडीकाम आहे. हा लेख त्याबद्दल नाही. आपल्यापैकी बहुतेकांच्या, विशेषतः १९८० नंतरच्या उपनगरी घरांत असते ती कारखान्यात बनलेली फायरप्लेस. तिचा धातूचा नळ वर जातो आणि नळाभोवती लाकडी सांगाड्याचा, बाहेरून सायडिंग, म्हणजे भिंतीवरच्या आच्छादनाच्या पट्ट्या, मारलेला खोका असतो. हा खोका म्हणजे चेस. त्याच्यावरचं पत्र्याचं झाकण म्हणजे चेस कव्हर, आणि त्या झाकणातून वर आलेल्या नळाच्या डोक्यावरची टोपी म्हणजे कॅप. टोपी वेगळी, झाकण वेगळं, दोघांचे पैसेही वेगळे.

खोक्याला बाहेरून पातळ विटा लावलेल्या असल्या तर फसायला होतं. अशा वेळी वर बघा. गोल धातूचा नळ डोकावत असेल तर बहुधा चेस आहे. मातीची चौकोनी नळी दिसली तर चिमणी बांधीव. (गूगलवर मराठीत "चिमणी" शोधू नका. एक तर पक्षी येतो, नाहीतर स्वयंपाकघरातला हूड.)

दुसरी पायरी: गळती कव्हरचीच आहे का?

इथे घाई केली तर नवं कव्हर बसतं आणि टपटप तशीच राहते.

रस्त्यापलीकडे उभं राहून फोनचा झूम पूर्ण ताणा. सायडिंगवर वरून खाली नारिंगी ओघळ दिसले तर कव्हर गॅल्वनाइज्ड पोलादाचं आहे आणि त्यावरचा जस्ताचा थर संपलाय. जस्त आधी स्वतः झिजतं, ते संपलं की पोलादाची पाळी येते. ओघळ म्हणजे भोक असं मात्र नाही. भोक पडतं ते बहुतेक वेळा पाणी साचतं तिथे. बिल्डरने टाकलेला पत्रा पातळ आणि सपाट असतो, काही वर्षांत तो मध्ये बसतो आणि नळाभोवती तळं होतं.

मग आत बघा. डँपरच्या (धुराची वाट उघडणाऱ्या-मिटणाऱ्या झडपेच्या) वर किंवा फायरबॉक्सच्या, म्हणजे जाळ पेटतो त्या कप्प्याच्या, छताला गंजाची ताजी रेघ आहे का? माळ्यावर जाऊन टॉर्च मारा. चेसचं लाकूड वरूनच काळं पडलंय, की फक्त छपराला चिकटतं तिथे? डाग खालच्या बाजूलाच असेल तर संशय फ्लॅशिंगवर घ्या, म्हणजे छप्पर आणि चेसच्या सांध्यातल्या पत्र्यावर. उतारावरची चिमणी ३० इंचांहून रुंद असेल तर तिच्या मागे पाणी दोन्हीकडे वळवणारा छोटा उंचवटा लागतो, त्याला क्रिकेट म्हणतात. तो नसेल तर पाणी आणि पाचोळा तिथे अडतो आणि उगाच कव्हर बदनाम होतं.

खात्री करायची तर पाण्याची नळी, आणि छपरावर सवयीने वावरणारा माणूस. पाणी खालून वर मारायचं: आधी फ्लॅशिंगवर पंधरा मिनिटं, मग सायडिंगवर, सगळ्यात शेवटी माथ्यावर. प्रत्येक टप्प्यावर एकाने आत कान देऊन बसायचं. सुरुवातच माथ्यापासून केली तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि काहीच कळत नाही.

तिसरी पायरी: मापं

कोटेशन मागण्याआधी मापांचा अंदाज स्वतःकडे हवा. चेस घराच्या बाहेरच्या भिंतीला जमिनीपासून चिकटून गेलेला असेल तर त्याची रुंदी खालीच टेप लावून मिळते. मात्र वर जाताना तो अरुंद होत नाही ना, हे बघा. या मापावर अंदाज बांधायचा, ऑर्डर द्यायची नाही. ऑर्डरसाठी कुणीतरी वर चढून चारही बाजू मोजल्या पाहिजेत, कारण लाकडी खोका क्वचितच काटकोनात असतो. समोरासमोरच्या बाजूंतलं मोठं माप धरून त्यात साधारण पाव इंच वाढवतात, म्हणजे झाकण डब्यावर सहज बसतं. शिवाय नळाचा बाहेरचा व्यास आणि नळापासून चारही कडांचं अंतर लागतं. नळ बरोबर मध्यभागी असेल असं धरून चाललेलं कव्हर परत जातं आणि परत जायचा खर्च तुमच्या माथी येतो.

आता थोडं गणित. आमचा चेस ३२ बाय ५० इंच. कव्हरची कड भिंतीवर ३ इंच खाली उतरते, तिला स्कर्ट म्हणतात. टोकाला दुमडपट्टीसाठी अर्धा इंच. म्हणजे दोन्ही दिशांना ७ इंच वाढले: ३९ बाय ५७, म्हणजे २,२२३ चौरस इंच, म्हणजे साडेपंधरा चौरस फुटांच्या आत. २४ गेजचं (गेज म्हणजे पत्र्याच्या जाडीचा आकडा) स्टेनलेस चौरस फुटाला साधारण १ पौंड भरतं. त्यामुळे अख्ख्या कव्हरचं वजन सात किलोच्या आसपास, तांदळाच्या २० पौंडी पिशवीपेक्षा कमी. २,६५० डॉलरची रक्कम समोर असताना हे वजन आठवावं. पैसे पत्र्याचे नसतात, ते दुसऱ्या कशाचे तरी असतात.

आणखी एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. शीट बहुधा ४८ इंच रुंद येतं. स्कर्ट आणि दुमड वजा केली की चेसची अरुंद बाजू ४१ इंचांपर्यंत असेल तर कव्हर एका अखंड शीटमधून निघतं. त्याहून मोठं झालं की रुंद शीट शोधावं लागतं किंवा दोन तुकडे जोडावे लागतात, आणि किमतीत तिथे उडी येते. दोन फ्लू, म्हणजे धुराचे दोन नळ, असलेल्या मोठ्या चेसचा भाव शेजाऱ्याच्या दुप्पट येतो तो यामुळेच. तो भाव लबाडीचा नसतो. पण सांधा कसा करणार हे विचारा. नुसत्या सिलिकोनवर जोडलेला सांधा घेऊ नका.

चौथी पायरी: धातू

गॅल्वनाइज्ड पुन्हा बसवायचं म्हणजे तोच त्रास नव्याने विकत घेणं. दोन वर्षांत घर विकणार असाल तर एक वेळ समजू शकतो. ॲल्युमिनियम गंजत नाही, हलकं असतं, हवा तो रंग मिळतो, पण मऊ असतं. बर्फाच्या ओझ्याने किंवा पडलेल्या फांदीने त्याला पोचा येतो. गॅस फायरप्लेसवर ते चालतं, लाकूड जाळणाऱ्यांनी स्टेनलेसच घ्यावं असं मी म्हणेन. स्टेनलेस म्हणजे ३०४ दर्जाचं. समुद्र अगदी जवळ असेल तर खाऱ्या वाऱ्याने ३०४ वरही तपकिरी डाग पडतात, तिथे ३१६ विचारावं.

तांबं सुंदर दिसतं, टिकतंही, आणि किंमत स्टेनलेसच्या दुप्पट-तिप्पट जाते. त्यात एक गोम आहे. तांब्यावरून ओघळलेलं पाणी जस्ताला आणि ॲल्युमिनियमला खातं. खाली ॲल्युमिनियमची पन्हळ असेल तर चिमणीची शोभा तिच्या जिवावर उठते.

जाडीचा आकडा उलटा चालतो, म्हणजे गेज जितका कमी तितका पत्रा जाड. स्टेनलेसमध्ये २४ गेज म्हणजे साधारण ०.६४ मिलिमीटर आणि २० गेज म्हणजे ०.९५. मध्यम चेसला २४ पुरतं. फार मोठ्या आणि वारा खाणाऱ्या माथ्यावर जाड घ्यावं, नाहीतर रात्री पत्रा फडफडल्याचा आवाज येतो.

पाचवी पायरी: रक्कम सुटी करा

आमच्यासारख्या चेसचं २४ गेज स्टेनलेसचं कव्हर मापाप्रमाणे ऑनलाइन बनवून घेतलं तर साधारण २५० ते ५०० डॉलर पडतात. बसवायला दोन माणसं, जाण्यायेण्यासकट अर्धा दिवस, त्याचे ३०० ते ६००. म्हणजे दुमजली घर, चालता येईल असं छप्पर आणि लाकूड शाबूत असेल तर ५५० ते १,१०० ही मला रास्त वाटणारी रक्कम.

त्यात भर कशाने पडते? सगळ्यात जास्त छपराच्या चढाने. बारा इंचांत दहा इंच चढणाऱ्या छपरावर कुणी नुसता चालू शकत नाही. दोरी, हूक, कधी लिफ्ट लागते, आणि तीच पत्र्याहून महाग पडते. शिडी टेकवायला खाली सपाट जागा नसेल तरी तेच. कोटेशनमध्ये दोनशे-चारशे डॉलर यासाठी जास्त लावले असतील आणि कारण लिहिलं असेल तर घासाघीस करू नका. कुणाच्या तरी हातापायांची ती किंमत आहे.

दुसरी भर लाकडाची, आणि ती आधी कुणालाच सांगता येत नाही. कव्हर उचलल्याशिवाय खालच्या पट्ट्या किती कुजल्या ते दिसत नाही. म्हणून इथे रक्कम न मागता दर मागा: प्लायवूडच्या शीटला किती, फ्रेमच्या लाकडाला फुटामागे किती, आणि तुम्हाला फोटो दाखवून होकार घेतल्याशिवाय काम पुढे नेणार नाही हे लेखी. माझं ९४० चं काम शेवटी १,१६५ वर गेलं. एका बाजूची पट्टी हाताने चुरडली जात होती. फोटो आधी आला, दर ठरलेला होता, तेव्हा वाद झालाच नाही.

तिसरी भर टोपीची. कॅप चांगली असेल तर तीच परत बसते. बदलायची असेल तर फायरप्लेसच्या आत लावलेल्या पट्टीवरचं मॉडेल बघून त्याला चालणारीच घ्या. या फायरप्लेस त्यांचा नळ आणि टोपी यांच्यासकट एकत्र तपासून मान्य झालेल्या असतात, त्यासाठी यूएल १२७ हे मानक आहे. काही नळ दुहेरी भिंतीचे असून मधल्या पोकळीतून थंड हवा खाली घेतात. तिथे दुकानातली कुठलीही "सगळ्यांना बसणारी" टोपी घातली, किंवा कुणी उत्साहाने ती फट सिलिकोनने बुजवली, तर प्रकरण गळतीवरून आगीवर जातं.

सहावी पायरी: कोटेशन वाचणे

आमच्या ३८५ वाल्याच्या कागदावर लिहिलं होतं: "नवीन मेटल कव्हर, फिटिंगसह." विचारल्यावर कळलं की पत्रा २६ गेज गॅल्वनाइज्ड, सपाट, आणि स्क्रू वरून मारणार. वरून मारलेला प्रत्येक स्क्रू म्हणजे पावसासाठी ठेवलेलं भोक. २,६५० वाल्याच्या कागदावर "चिमणी रिस्टोरेशन पॅकेज" होतं, त्यात एकही माप नव्हतं आणि "आज सही केली तर" दोनशे डॉलर सूट. ९४० वाल्याने छपरावर चढून मापं घेतली होती आणि कागदावर लिहिली होती. निवड तिथेच झाली.

चांगल्या कागदावर मी काय शोधतो? लांबी-रुंदी, धातूचा दर्जा, गेज. आडव्या-तिडव्या दोन घड्या, त्यांना क्रॉस ब्रेक म्हणतात. त्यामुळे मधला भाग किंचित उचलला जातो आणि पाणी कडांकडे पळतं. स्कर्ट किती इंच, आणि त्याची खालची कड बाहेर वळवलेली आहे का. कोकणातल्या घराची वळचण भिंतीपासून पुढे काढतात ती ज्या कारणाने, त्याच कारणाने ही कड बाहेर हवी: पाणी भिंतीवरून न ओघळता सुटून पडावं. नळाभोवती पत्र्यातूनच वर उचललेली किमान २ इंचांची कॉलर. तिच्यावर नळाला आवळून बसवलेली स्टॉर्म कॉलर, म्हणजे पाणी बाहेर वळवणारी पत्र्याची कडी, आणि जास्त तापमान सोसणारं सिलिकोन. स्क्रू स्टेनलेसचे, रबरी वॉशरसकट, आणि स्कर्टमधून आडवे. हे लिहिलेलं नसेल तर ईमेलने विचारा. उत्तर टाळणारा आपोआप गळतो, कव्हरआधीच.

"४९ डॉलरमध्ये चिमणी साफ" म्हणत येणाऱ्या फोनपासून सावध राहा. साफ करायला आलेला माणूस खाली उतरून फोनवर गंजलेल्या माथ्याचा फोटो दाखवतो. फोटो तुमच्याच चिमणीचा असेल असं नाही. अखंड व्हिडिओ मागा: सुरुवात तुमच्या दारावरच्या नंबरपासून, मग शिडी, मग माथा. दोन मिनिटांचं काम आहे. चिमणीवाल्याकडे सीएसआयएचं, म्हणजे चिमनी सेफ्टी इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिकाचं प्रमाणपत्र आणि चालू विमा आहे का तेही विचारा. पत्रेकाम चांगला रूफरही, म्हणजे छपराचं काम करणाराही, करतो, पण नळाला आणि टोपीला हात लावायचा असेल तर मी चिमणीवालाच बोलावेन.

पैसे देण्याआधी दोन कागद

टाउनहाउस किंवा काँडो असेल तर आधी एचओएची, म्हणजे घरमालकांच्या असोसिएशनची, नियमावली उघडा. बऱ्याच ठिकाणी छप्पर आणि त्यावरचं सगळं असोसिएशनकडे असतं, म्हणजे खर्च तुमचा नाहीच. काही ठिकाणी खर्च तुमचा पण रंग त्यांच्या मर्जीचा असतो, आणि चकचकीत स्टेनलेस बसवल्यावर काळ्या रंगाची नोटीस येते.

दुसरा कागद विम्याचा. वर्षानुवर्षांचा गंज म्हणजे झीज, आणि ती घराच्या विम्यात बसत नाही. वादळाने कव्हर उडालं तर गोष्ट वेगळी. पण डिडक्टिबल, म्हणजे नुकसानीतला आपण स्वतः सोसायचा वाटा, १,००० किंवा त्याहून जास्त असेल तर ९०० डॉलरच्या कामासाठी क्लेम करण्यात अर्थ नाही.

स्वतः करावं का? बुटकं एकमजली घर, कमी चढाचं छप्पर, सोबत दुसरा माणूस आणि वाऱ्याचा मागमूस नसलेला दिवस, एवढं जुळलं तर होऊ शकतं. वारा असेल तर नाहीच, कारण साडेपंधरा चौरस फुटांचा पत्रा हातात धरला की त्याचं शीड होतं. दुमजलीवर मी स्वतः चढलो नाही आणि त्याची मला लाज वाटत नाही.

भोक नसेल, नुसता गंज चढायला लागला असेल, तर घासून, गंजरोधक रंग मारून काही काळ ढकलता येतो. भोकावर सिलिकोन थापणं मात्र फुकट जातं. ते सुटणाऱ्या गंजावर चिकटतं आणि गंजाबरोबर निघून येतं.

वेळ कधीची? सप्टेंबर ते डिसेंबर चिमणीवाल्यांची लगीनघाई असते. मार्च ते जूनमध्ये फोन केला की तारीख लवकर मिळते आणि माणूस बोलायला मोकळा असतो. कोकणात आगोटीची कामं पावसाआधी उरकतात, तसंच हे.

कामाच्या दिवशी घरी थांबा. जुनं कव्हर निघालं की नवं बसायच्या आत वरून फोटो मागा. त्यात दोन गोष्टी बघायच्या. चेसच्या आत ओला इन्सुलेशनचा गोळा तसाच सोडलेला नाही ना, आणि नव्याने टाकलेलं लाकूड नळाला खेटून नाही ना. उत्पादकाने सांगितलेलं मोकळं अंतर, जे बहुधा २ इंच असतं, ते ठेवलंच पाहिजे. नीटनेटकं दिसावं म्हणून नळापर्यंत प्लायवूड भिडवणारे सुतार आहेत, आणि वरून कव्हर बसलं की ते कुणालाच दिसत नाही.

शेवटचा चेक पुढच्या मुसळधार पावसानंतर देईन असं ठरवायचा प्रयत्न करा. फार जण मानत नाहीत, आमच्याने शंभर डॉलरपुरतं मानलं. आणि कव्हरचं माप, धातू, गेज आणि तारीख जाड मार्करने माळ्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा. आमच्याकडे तिथे आईच्या अक्षरात "पागोळ्या बंद" असंही लिहिलेलं आहे.